निवृत्तांचा नाताळ

डिसेंबर उजाडला की ख्रिस्ती घरांतून गव्हाणीचा देखावा मांडण्याची लगबग सुरू होते. ओसरीच्या कोपऱ्यात वाळलेले गवत अंथरले जाते, पुठ्ठ्याचा गोठा उभा राहतो आणि गतवर्षी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या मूर्ती पेटीतून बाहेर निघतात. बाळ येशू, मरीया माता, योसेफ, मेंढपाळ, पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष, एका पायाने अधू झालेला मातीचा उंट अशी सारी मंडळी आपापल्या जागी विराजमान होतात. हा देखावा आम्ही जन्मापासून पाहत आलो आहोत. परंतु त्यात एक उणीव आहे, ही गोष्ट यंदा प्रथमच आमच्या ध्यानी आली. या देखाव्यात म्हातारे माणूस एकही नाही.

आणि नवल असे की, ज्या लूककृत शुभवर्तमानावरून हा देखावा मांडला जातो, त्यातील जन्मकथा म्हाताऱ्या माणसांपासूनच सुरू होते आणि म्हाताऱ्या माणसांपाशीच येऊन थांबते. आरंभी येतात ते जखऱ्या याजक आणि त्याची पत्नी अलीशिबा. दोघेही वयाने उतरलेली, पदरी मूल नाही, आणि आपल्या पाळीप्रमाणे मंदिरात धूप जाळण्याचे काम जखऱ्या निमूटपणे करीत आहे. तेथपासून कथा बेथलेहेमला जाते, मेंढपाळांना दूतांचे दर्शन घडते, बाळाचे नाव ठेवले जाते. मग चाळीस दिवसांनी मातापिता त्याला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात येतात. गरिबांना परवडावे असे दोन पक्ष्यांचे अर्पण त्यांच्या हाती असते. त्या गर्दीत त्या बाळाला ओळखतात कोण? याजक नव्हेत, शास्त्री नव्हेत. ओळखतात दोघे जण : शिमोन आणि हन्ना.

हे यंदाच आमच्या ध्यानी यावे, याला कारण आहे. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही सेवानिवृत्त झालो.

निवृत्तीचा समारंभ वाचकांना नव्याने सांगावयास नको. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि ज्यांनी चौतीस वर्षांत एकदाही आमच्या वर्गात डोकावले नाही अशा थोरांची गौरवपर भाषणे. प्रत्येक वक्त्याने शेवटी एकच आशीर्वाद दिला : ‘आता सरांनी आराम करावा.’ जूनमध्ये शाळेची घंटा झाली. ती आमच्या घरापर्यंत ऐकू येते. आम्ही सवयीने उठलो, सदरा चढविला आणि मग पुन्हा खुंटीस लावला. तो आराम फार जड गेला. पहाटे जाग येते, वर्तमानपत्र साडेसातपर्यंत संपते, आणि पुढला दिवस एखाद्या रिकाम्या वर्गासारखा समोर पडलेला असतो. मुले परगावी. पत्नी म्हणाली, ‘स्वयंपाकघरात तेवढे लक्ष घालू नका, बाकी काहीही करा.’

हिंदू परंपरेत या वयासाठी वानप्रस्थाश्रमाची योजना आहे आणि तीमागे मोठा विचार आहे. प्रपंचाचे ओझे पुढल्या पिढीच्या खांद्यावर देऊन माणसाने हळूहळू दूर व्हावे, अंतर्मुख व्हावे. ‘निवृत्ती’ हा शब्दच मुळी तेथून आला. सरकारी कचेरीने तो उचलला आणि त्याचा अर्थ निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांपुरता उरला, ही गोष्ट निराळी. ख्रिस्ती मनुष्याने या वयाकडे कसे पहावे, असा प्रश्न आम्हांस पडला. म्हणून आम्ही पवित्र शास्त्र काढून बसलो. शिक्षकाची खोड, उत्तर पाठ्यपुस्तकात सापडेल, असे त्यास नेहमी वाटते.

सापडले ते असे. नोकरीतून निवृत्त होण्याचा नियम म्हणावा असा उल्लेख जुन्या करारातील ‘गणना’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. लेवी वंशातील पुरुषांनी पंचविसाव्या वर्षी दर्शनमंडपाच्या सेवेस लागावे आणि पन्नासाव्या वर्षी त्या सेवेतून मोकळे व्हावे. तंबूचे खांब वाहणे, ओझी उचलणे ही कामे पन्नाशीनंतर करू नयेत. परंतु नियम एवढ्यावर थांबत नाही. मोकळ्या झालेल्या लेव्याने आपल्या भाऊबंदांना त्यांच्या कामी साहाय्य करावे, पहाऱ्यास हातभार लावावा, असे पुढे म्हटले आहे. ओझे वाहू नये, पण मंडप सोडूनही जाऊ नये. एखाद्या कुशल प्रशासकाने आखावी तशी ही तरतूद आहे. मात्र ती पाळणे सोपे नव्हे. कारण ज्याने पंचवीस वर्षे खांब वाहिले, त्याला दुसऱ्याने वाहिलेला खांब नेहमी वाकडाच दिसतो. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांतून याची उदाहरणे वाटेल तितकी आढळतील. निवृत्त गृहस्थ मंडळीच्या पंचकमिटीवर येतात, हिशेबाच्या वह्या तपासू लागतात, तरुण पाळकाच्या प्रवचनाला गुण देऊ लागतात, आणि दोन वर्षांत मंडळीत दोन तट पडतात. सेवा करावयास निघालेल्या माणसाला सत्तेची सवय सोडवत नाही, हे त्याचे मूळ आहे. आम्ही हे इतरांविषयी बोलत नाही. आम्हांस कमिटीवर येण्याचे आमंत्रण होते आणि आठ दिवस ते फार गोड वाटले.

आता शिमोनाकडे वळू. चित्रकारांनी त्याला पांढरी शुभ्र दाढी दिली असली तरी लूकने त्याचे वय कोठेही सांगितलेले नाही. परंपरेने तो वृद्ध ठरला तो त्याच्या उद्गारांवरून. बाळाला हातांवर घेऊन तो परमेश्वराजवळ जे मागतो, ती धन्याने सेवकाला मोकळे करावे अशी विनवणी आहे. आमच्या खात्याच्या भाषेत बोलावयाचे तर तो कार्यमुक्तीचा अर्ज होय! पण तो सादर कधी झाला, ते पाहावे. नेमून दिलेली तारीख उलटली म्हणून नव्हे, तर ज्यासाठी आयुष्यभर थांबलो, ते डोळ्यांनी पाहिले म्हणून. आणि त्याने केले तरी काय? एक मूल काही क्षण हातांवर धरले, एवढेच.

हन्नेची गोष्ट याहून विलक्षण. आशेर वंशातील फनूएलाची ही मुलगी. विवाहानंतर अवघी सात वर्षे पतीचा सहवास, आणि मग दीर्घ वैधव्य. चौऱ्याऐंशी हा आकडा लूकने दिला आहे. मूळ ग्रीक वाक्याचा अर्थ दोन तऱ्हांनी लागतो. काही जण म्हणतात, तिचे वय चौऱ्याऐंशी होते. काही म्हणतात, वैधव्याचीच वर्षे चौऱ्याऐंशी. दुसरा अर्थ धरला तर बाई शंभरी ओलांडलेली ठरते. ती मंदिर सोडून जात नसे. उपास आणि प्रार्थना हाच तिचा दिवस आणि हीच तिची रात्र. त्या काळच्या समाजात विधवेला काय स्थान होते, हे महाराष्ट्रातील वाचकाला समजावून सांगण्याचे कारण नाही. आणि तारणाची वाट पाहत असलेल्या यरुशलेमच्या लोकांना त्या बाळाविषयी सांगत सुटली, ती हीच म्हातारी.

हन्नेची आठवण यावी अशी एक स्त्री आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. पंडिता रमाबाईंचे नाव घेतले की वाचकांसमोर येते ती संस्कृत सभा गाजविणारी तरुण विदुषी, किंवा दुष्काळात अनाथ मुलींना पोटाशी धरणारी मुक्तिसदनाची माता. त्यांच्या उतरत्या वयाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. १८५८ साली जन्मलेल्या या स्त्रीने चाळिशी उलटून गेल्यावर संपूर्ण बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत आणण्याचे काम अंगावर घेतले. ऐकू कमी येत होते. संस्थेचा व्याप प्रचंड होता. जिच्या हाती तो सोपवावयाचा ती एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. त्या दुःखानंतर दुसऱ्या एखाद्या आईने लेखणी खाली ठेवली असती, आणि तिला कोणी दोषही दिला नसता. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. केडगावच्या छापखान्यात तेथल्याच मुलींनी आणि स्त्रियांनी ते छापले आणि १९२४ मध्ये ते ग्रंथरूपाने पूर्ण झाले. ते हाती घेतलेले पाहावयास रमाबाई नव्हत्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर निवृत्तीची व्याख्याच उलटी केली. १९१७ साली, म्हणजे आजच्या नोकरदाराच्या निवृत्तीच्या आसपासच्याच वयात, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ते साताऱ्यास जाऊन राहिले. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. ती काळाच्या पुढे होती, की व्यवहाराच्या बाहेर होती, याचा वाद अजून मिटलेला नाही. आमचे मत विचाराल तर दोन्ही. मे १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबार फार काळ चालला नाही. परंतु त्यांच्या मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी जे केले, ते आपण सर्व जाणतो. टिळकांनी जेमतेम दहा-साडेदहा अध्याय लिहून ठेवलेल्या ‘ख्रिस्तायना’चे पुढले चौसष्ट अध्याय लिहिले ते या फारसे शिक्षण न घेतलेल्या बाईंनी, पन्नाशी उलटल्यावर. आणि ‘स्मृतिचित्रे’? त्यांचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला, तेव्हा बाई पासष्टीच्या पुढे होत्या. मराठी भाषेतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र म्हणजे एका आजीबाईंचे रिकामपणचे लेखन होय, असे म्हटल्यास अभ्यासक रागावतील. पण ते खरे आहे.

तथापि या मंडळींची नावे घेऊन आमचा प्रश्न सुटेना. रमाबाई, टिळक ही हिमालयाची शिखरे. ‘सर, आराम करा’ असा निरोप घेऊन घरी आलेल्या शिक्षकाने, परिचारिकेने, टपाल कारकुनाने त्यांच्याकडे पाहून मान वर करावी आणि मग आपल्या खुर्चीत परत बसावे, एवढेच होते. म्हणून आम्ही येथे जिची हकीकत थोडी सविस्तर सांगणार आहोत, ती बाई अगदी आपल्यासारखी होती.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात प्लेन्स नावाचे खेडे आहे. भुईमूग हे तेथले पीक. तेथील भुईमुगाचा व्यापार करणाऱ्या एका घरातली ही गृहिणी, पेशाने परिचारिका, नाव लिलियन कार्टर. गोऱ्या आणि काळ्या लोकांना एकमेकांच्या पुढल्या दाराने येण्याची चोरी असलेल्या त्या काळात आणि त्या प्रांतात ती काळ्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करी. १९५३ मध्ये पती वारले. मुले मोठी झालेली. घर खायला उठू लागले तेव्हा बाईंनी काही वर्षे विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात गृहमातेचे काम केले, मग एका शुश्रूषागृहाची व्यवस्था पाहिली. तेही संपले. आता दूरचित्रवाणीसमोर बसावे, अशी वेळ आली. आणि दूरचित्रवाणीनेच घात केला म्हणावयाचा! ‘पीस कोअर’ या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक दलाची जाहिरात तिच्यावर लागली होती. दलात येण्यास वयाची आडकाठी नाही, असे तीत सांगितले होते. बाईंनी अर्ज केला. साल १९६६, वय वर्षे अडुसष्ट.

त्यांना पाठविले कोठे, तर आपल्या विक्रोळीला. तेथील गोदरेज वसाहतीत त्या एकवीस महिने राहिल्या. येण्यापूर्वी तीन महिने प्रशिक्षण झाले होते. अडुसष्टाव्या वर्षी नव्या भाषेशी झटापट करणाऱ्या त्या बाईंना किती मराठी येऊ लागले, हा प्रश्न गौण. येथल्या माणसांशी चार शब्द बोलण्यापुरते आले, आणि तेवढ्यावर भागले. आरंभी त्यांना कुटुंबनियोजनाच्या कामावर नेमले होते. त्या कामात त्यांचा जीव रमेना. त्यांची खरी जागा दवाखाना. तेथे त्या पोहोचल्या, आणि तेथे एक प्रसंग घडला.

हा प्रसंग त्यांच्या पुत्राने १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कवितासंग्रहात वर्णिला आहे. एके दिवशी महारोगाने ग्रासलेली एक लहान मुलगी दवाखान्याच्या दारातून आत आली. लिलियनबाई मागे सरल्या. डॉक्टरांनी सांगितले, हिचे तुम्हीच पाहा. बाईंनी तोंडाला फडके बांधले, घाईघाईने सुई टोचली, आणि मग एकीकडे जाऊन आपले सर्वांग लाल होईतो घासून घासून धुतले. पुढे दर आठवड्याला ती मुलगी येई आणि दर आठवड्याला बाईंच्या पोटात गोळा उठे. हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. परोपकाराच्या गोष्टींतून सेविका पहिल्याच दिवशी रोग्याला मिठी मारते आणि वाचकाला स्वतःची लाज वाटून तो गोष्ट मिटून ठेवतो. येथे तसे झाले नाही. भीती आठवड्याआठवड्याने ओसरली. मुलीच्या जखमा सुकत गेल्या. दोघी एकमेकींचे हात धरून थोडे मराठी बोलू लागल्या. शेवटी एक दिवस बाईंनी तिचा मुका घेतला आणि त्यांना अंग धुवावेसे वाटले नाही.

१५ ऑगस्ट हा लिलियनबाईंचा जन्मदिवस. १९६८ मध्ये देशभर स्वातंत्र्यदिनाची ध्वजवंदने होत असताना त्यांनी विक्रोळीत सत्तरी पूर्ण केली आणि घरी पत्र लिहिले. जगाच्या या दूरच्या कोपऱ्यात आपणांस जगण्याचा अर्थ सापडेल असे स्वप्नातही वाटले नव्हते, असा त्या पत्राचा भाव आहे. पुढे त्यांची पत्रे ग्रंथरूपानेही निघाली. ज्या पुत्राचा वर उल्लेख केला, तो जिमी कार्टर १९७७ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपले राष्ट्रपती फक्रुद्दिन अली अहमद निवर्तले, तेव्हा अमेरिकेच्या वतीने अंत्यविधीस आल्या त्या लिलियनबाईच. दिल्लीचे राजशिष्टाचार आटोपले आणि बाई विक्रोळीला जाऊन आल्या.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. ‘पीस कोअर’ ही सरकारी योजना होती, मिशन नव्हे. लिलियनबाई धर्मप्रसारास आल्या नव्हत्या. ख्रिस्ती सेवा म्हटले की आपल्याकडे काही जणांच्या भुवया वर जातात. सुईच्या मागून बाप्तिस्म्याचे पाणी येते की काय, अशी शंका असते. ती शंका सर्वस्वी निराधार आहे असे म्हणण्याइतके आम्ही इतिहासाला अनोळखी नाही. परंतु त्या मुलीचा हात धरताना लिलियनबाईंना मोबदला कसलाच नको होता. धर्मांतर हादेखील एक मोबदलाच होय, असे आमचे प्रांजळ मत आहे. आमच्या मंडळीतील काही ज्येष्ठांना ते रुचणार नाही, हे आम्ही जाणून आहोत.

आईचा कित्ता मुलाने गिरविला. १९८० ची निवडणूक हरून छप्पन्नाव्या वर्षी जिमी कार्टर प्लेन्सला परतले. हरलेला अध्यक्ष म्हणजे सेवानिवृत्तांतील सर्वांत केविलवाणा. तेथून पुढे ते चाळीसाहून अधिक वर्षे जगले. गावच्या चर्चमध्ये रविवारचा शास्त्राभ्यासाचा वर्ग नव्वदी उलटेपर्यंत घेत राहिले. नारूविरुद्धच्या जागतिक मोहिमेत त्यांची संस्था १९८६ पासून पडली. तेव्हा जगात वर्षाला पस्तीस लाख लोकांना नारू होत असे. अलीकडे ती संख्या मोजक्या डझनावर येऊन ठेपली आहे. पायातून निघणारा तो दोऱ्यासारखा किडा काडीला गुंडाळत बसलेली माणसे आमच्या पिढीने खेड्यापाड्यांतून पाहिली आहेत. आपला देश २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. आणि २००६ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, हे गृहस्थ लोणावळ्याजवळच्या पाटण गावी हातोडी घेऊन उभे राहिले. गरिबांसाठी शंभर घरे बांधावयाची होती. माजी अध्यक्षाने विटा कशा रचल्या याची छायाचित्रे तेव्हा वृत्तपत्रांतून आली होती. २९ डिसेंबर २०२४ रोजी, नाताळच्या आठवड्यातच, शंभरी पूर्ण करून ते गेले.

हे सारे वाचून आमच्या अंगी अर्थातच मोठा उत्साह संचारला, आणि कमिटीच्या आमंत्रणाला नकार देऊन आम्ही शहरातील एका रुग्णालयात जाऊ लागलो. ज्यांच्याजवळ कोणी नाही, अशा रोग्यांपाशी जाऊन बसावयाचे, असा आमचा संकल्प. पहिल्या दिवशी एक वृद्ध शेतमजूर दिसला. खुब्याचे हाड मोडलेले, खाट खिडकीपाशी. आम्ही स्टूल ओढले, केळी ठेवली आणि बोलू लागलो. दुःख, धीर, ईयोबाची सहनशीलता, परमेश्वराची कृपा. चौतीस वर्षांचा सराव असल्यामुळे पाऊण तास कसा गेला कळले नाही. म्हातारा मोठ्या अदबीने ऐकत होता. आम्ही क्षणभर श्वास घेण्यास थांबलो, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, ‘गुर्जी, तेवढी खिडकी लावता का? लई गार वारा येतोय.’

पाऊण तास तो कुडकुडत होता.

त्यानंतर आमचे बोलणे पुष्कळ कमी झाले आहे. दवाखान्यात निवृत्त माणसाने करण्याजोगे केवढे तरी काम असते, आणि त्यातले बहुतेक बिनबोलाचे असते. केसपेपरच्या रांगेत दुसऱ्यासाठी उभे राहावे. औषधाच्या चिठ्ठीवर दिवसातून कितीदा काय घ्यावयाचे लिहिले आहे, ते वाचून दाखवावे. रक्ताचा अहवाल खालच्या मजल्यावरून वर आणावा. ज्याला फोन लावता येत नाही, त्याच्या मुलाला फोन लावून द्यावा. मूल फोन उचलत नसेल तर थोड्या वेळाने पुन्हा लावावा. आमच्याबरोबर आता आणखी दोघे येतात. एक निवृत्त बसवाहक आहेत. रांगेतली भांडणे त्यांच्याइतकी चटकन कोणी मिटवीत नाही. दुसऱ्या गृहस्थांनी बँकेत जन्म घालविला. आमच्यापैकी ख्रिस्ती आम्ही एकटेच. बसवाहक गळ्यात तुळशीची माळ घालतात आणि एकादशीला केळ्यांपैकी दोन स्वतः खातात.

परंतु ज्यांना रांगेत उभे राहणेही शक्य नाही, त्यांचे काय? निवृत्तीचा विचार करताना आपण पायांत बळ असलेल्या म्हाताऱ्यांचाच विचार करतो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१३ मध्ये, पंचाऐंशीव्या वर्षी, शक्ती पुरत नाही म्हणून पद सोडले. शतकानुशतके न घडलेली ती गोष्ट होती. पुढे २०२२ च्या अखेरीस देहावसान होईपर्यंत व्हॅटिकनच्या परिसरातील एका मठात प्रार्थना करीत राहणे हेच त्यांनी आपले काम मानले. प्रार्थना हे काम आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. हन्नेपुरते तरी ते होते.

आमच्या मंडळीत एक निवृत्त परिचारिका आहेत. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी हजारो बाळंतपणे केली. गावातील निम्मी म्हातारी होऊ घातलेली माणसे त्यांच्या हातांवर जन्मली आहेत. आता त्या अंथरुणाला खिळल्या आहेत, दृष्टीही गेली आहे. उशाशी शाळेची शंभरपानी वही असते. तीत नावे लिहिलेली आहेत : आजारी, बेकार, परीक्षेला बसलेली, भांडून घर सोडून गेलेली. रोज पहाटे त्या नावांसाठी प्रार्थना करतात. नावे पाठ आहेत. वही केवळ येणाऱ्याजाणाऱ्याने नवी नावे लिहावीत म्हणून. आपण गेल्यावर वही कोणाला द्यावयाची, तेवढी एक काळजी त्यांना आहे.

परवा आम्ही नाताळचा फराळ घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. करंज्या बाजूला ठेवून त्यांनी दवाखान्याची हकीकत विचारली. खिडकीची गोष्ट सांगितली तेव्हा त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, ‘मास्तर, वही घ्या. त्या बाबांचं नाव लिहा.’

आम्ही पेन काढले आणि तसेच बसून राहिलो. पाऊण तास त्याच्याजवळ बोललो, त्यानंतर दोन आठवडे रोज त्याला पाहिले, घरी सोडले त्या दिवशी त्याची पिशवी रिक्षापर्यंत नेली; पण त्याला नाव विचारले नव्हते.

‘विचारून या,’ मावशी म्हणाल्या. ‘पान मोकळं ठेवा.’

उद्या नाताळचा आदला दिवस. सकाळी आठला केसपेपरची खिडकी उघडते. जुने कागद तेथेच बांधून ठेवलेले असतात, असे बसवाहकांनी सांगितले आहे. ते बरोबर येणार आहेत.